साचा, सिलिकॉन आणि काकूंचा कान

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आमच्यासाठी 'तिसरी भाषा', आणि निबंध पाठ करून लिहायचा ही पद्धत! त्यामुळे लेख वगैरे लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शुद्धलेखनाच्या चुका मैत्रिणीने काढल्यात, ज्या उरल्या त्या माझ्या. पण गेल्या वर्षभरात होस्टेलवर मला एकच प्रश्न इतक्यांदा विचारला गेलाय की म्हटलं एकदाचं सविस्तर लिहूनच टाकावं. प्रश्न असा: "ए, ते खोटं कातडं कसं बनवतेस गं? मला पण शिकव ना!"

(रेक्टर मॅडमनी माझ्या हातावरची 'जखम' बघून डेटॉलची बाटली घेऊन धावत येणं, हा किस्सा सगळ्यांना माहीत आहेच. तो इथे सांगत नाही.)

माझं गाव येरमाळा, धाराशिव जिल्हा. येडेश्वरी देवीमुळे तुम्ही नाव ऐकलं असेल. चैत्र पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. पालखी आमराईत जाते आणि रानात पसरलेले लाखो लोक चुनखडीचे खडे वेचतात. आजीच्या हाताला धरून मीही दरवर्षी वेचायची. पण माझा सगळा जीव खेळण्यांच्या दुकानात टांगलेल्या रबरी मुखवट्यांत! नऊ वर्षांची असताना हट्ट करून राक्षसाचा एक मुखवटा घेतला. घरी येऊन तो घातलाच नाही, उलटा केला आणि आतून बघत बसले. बाहेरच्या प्रत्येक सुरकुतीची आत उलटी खूण होती. हे कशात तरी ओतलेलं आहे, एवढं तेव्हा कळलं. कशात, ते कळायला पुढची दहा वर्षं गेली.

आधी थोडं 'प्रॉस्थेटिक' म्हणजे काय ते

प्रॉस्थेटिक हा मूळचा डॉक्टरांचा शब्द. शरीराचा जो भाग नाही त्याच्या जागी बसवलेला कृत्रिम भाग, उदाहरणार्थ जयपूर फूट. सिनेमावाल्यांनी तो उचलला. रंग, पावडर, काजळ लावून चेहरा बदलला की ती रंगभूषा. आणि नाक, गाल, हनुवटी, सुरकुत्या वेगळ्या तयार करून चेहऱ्यावर चिकटवल्या की ते प्रॉस्थेटिक.

यातली पहिली गोष्ट लक्षात ठेवा: प्रॉस्थेटिकने चेहऱ्यात भर घालता येते, कमी काही करता येत नाही. मोठं नाक लहान होणार नाही. म्हणून नट निवडतानाच विचार करावा लागतो. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८) पाहिलाय ना? त्यातली ती शापित म्हातारी आठवा. त्या भूमिकेत मोहम्मद समद हा लहान मुलगा होता! विनायकच्या मुलाचं कामही त्यानेच केलंय. मला हे कळलं तेव्हा मी सिनेमा परत लावून बघितला. लहान मुलाचा चेहरा छोटा, त्यामुळे वर थर चढवायला भरपूर जागा मिळते, आणि थर चढल्यावरसुद्धा डोकं एखाद्या वाळलेल्या म्हातारीएवढंच दिसतं. 'पा' (२००९) मध्ये उलटं होतं. साठी ओलांडलेले अमिताभ बच्चन बारा वर्षांचा प्रोजेरिया झालेला मुलगा झाले. त्या आजारात डोकं मोठं दिसतं, म्हणून ते जमलं. क्रिस्टियन टिन्स्ली आणि डॉमिनी टिल यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तेव्हा हे काम फक्त बाहेरच्या लोकांना जमतं अशी आपल्याकडे समजूत होती. पण नंतर चित्र बदललं. 'नानक शाह फकीर'साठी प्रीतीशील सिंग आणि क्लोव्हर वूटन यांना २०१५ या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि आपल्या विक्रम गायकवाडांचं नाव तर घ्यायलाच हवं. 'बालगंधर्व' आणि 'द डर्टी पिक्चर' या दोन चित्रपटांसाठी त्यांना २०११ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकीकडे नाटकातला स्त्री-पार्ट, दुसरीकडे दक्षिणेतली नटी, आणि माणूस एकच! 'बालगंधर्व'मध्ये सुबोध भावे ओळखू येतात, तरी बालगंधर्वच वाटतात. माझ्या मते हे भुताच्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी अवघड. भूत कुणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे चुकलं तरी कोण पकडणार? बालगंधर्वांचे फोटो मात्र मराठी घराघरांत आहेत. मे २०२५ मध्ये गायकवाड गेले. तेव्हा मी सेमिस्टरच्या परीक्षेला बसले होते आणि पेपर सोडून त्यांच्याच मुलाखती बघत होते. (निकाल विचारू नका.)

साचा: आमच्या ब्रँचचाच विषय

आता मुख्य कृती. मेकॅनिकलवाल्यांनी कान टवकारा. मोल्डिंगच्या लेक्चरला जे 'कोअर' आणि 'कॅव्हिटी' शिकवतात ना, तेच इथे आहे. फक्त कोअर म्हणजे तुमच्या मित्राचं तोंड!

पहिली पायरी चेहऱ्याचा ठसा घेण्याची. त्यासाठी आल्जिनेट लागतं. समुद्री शेवाळापासून बनवलेली ही पावडर दाताचे डॉक्टर कवळीचं माप घ्यायला वापरतात. पाण्यात कालवली की काही मिनिटांत रबरासारखी घट्ट होते. पाणी कोमट असेल तर भराभर घट्ट होते. आमच्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणीच गरम, त्यामुळे पहिल्यांदा माझं आल्जिनेट पातेल्यातच बसलं. तेव्हापासून माठातलं पाणी घेते. केसांवर टोपी, भुवया-पापण्यांना भरपूर व्हॅसलीन, मग कपाळापासून खाली आल्जिनेट लावत यायचं. नाकपुड्या मोकळ्या! एका माणसाने दुसरं काहीही न करता फक्त नाकाकडे बघत उभं राहायचं. समोरच्याला बोलता येत नाही, म्हणून आधीच ठरवायचं: अंगठा वर म्हणजे ठीक, हात हलवला म्हणजे ताबडतोब काढा. ज्याला बंद जागेची भीती वाटते किंवा सर्दी झालीय, त्याचा ठसा घ्यायचाच नाही. आल्जिनेट लिबलिबीत असतं, म्हणून त्यावर हाड मोडल्यावर लावतात त्या प्लास्टरच्या पट्ट्यांचं कवच करायचं. कवच घट्ट झालं की सगळं एकदम पुढे काढून घ्यायचं आणि त्याच दिवशी आत प्लास्टर ओतायचं, कारण आल्जिनेट वाळलं की आकसतं आणि माप चुकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कालवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस थेट अंगावर ओतायचं नाही. हातावरसुद्धा नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. बारावीच्या सुट्टीत आल्जिनेट कुठे मिळतं ते माहीत नव्हतं, म्हणून मी बादलीत प्लास्टर कालवलं आणि त्यात डावा हात घातला. मनात हिशोब असा की, आम्ही लहानपणापासून चुनखडी वेचतो, आजी भिंतीला चुना देते, हे पांढरं पण तसलंच काहीतरी! सुरुवातीला गार वाटलं. मग कोमट. मग चटके बसायला लागले आणि हात निघेना. चुलतभावाने बादली फोडली म्हणून वाचले. मनगटावर अजून डाग आहे.

यातली केमिस्ट्री नंतर समजली. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो, आणि त्यात पाणी टाकलं की तो उकळतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून चुना विझवताना पोरांना लांब ठेवतात. प्लास्टर ऑफ पॅरिस वेगळं. ते जिप्समपासून होतं, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. जिप्सम साधारण दीडशे अंशांना तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं. आपण पाणी घातलं की ते पुन्हा शोषून घेतं आणि जेवढी उष्णता आधी दिली होती तिचा हिशोब परत करतं. पातळ थर असेल तर उष्णता हवेत जाते, जाड गोळा असेल तर आत साठते आणि तापमान साठ अंशांवर जाऊ शकतं. पट्टीचं प्लास्टर पातळ, म्हणून हाड मोडलेल्याला सहसा भाजत नाही. बादलीतलं भाजतं. इंग्लंडमध्ये २००७ साली एका सोळा वर्षांच्या मुलीने शाळेच्या तासाला असाच हात प्लास्टरमध्ये घातला आणि जवळजवळ सगळी बोटं गमावली. माझं नशीब म्हणून मी आज टाईप करतेय.

असो. प्लास्टरचा चेहरा मिळाला की त्यावर तेलाच्या मातीने, म्हणजे प्लॅस्टिसिनने, हवी ती भर घालायची. नाक लांब करा, कपाळावर आठ्या काढा, काय हवं ते. कडा मात्र कागदासारखी पातळ करत न्यायची. त्वचेची छिद्रं दाखवायला संत्र्याची साल दाबायची! संत्र्याच्या सालीवर लॅटेक्स लावून वाळवलं की छिद्रांचा छोटा शिक्का तयार होतो. मग त्या मातीकामावर दुसरा साचा घ्यायचा. दोन्ही साचे एकमेकांत बरोबर बसावेत म्हणून कडेला खुणेचे खड्डे ठेवायचे. शेवटी माती काढून टाकायची. माती होती तिथे दोन साच्यांमध्ये जी पोकळी उरते, तीच तुमची खोटी कातडी. यात्रेतला मुखवटा उलटा करून मी जे शोधत होते, ते हेच.

हे मी कुठे शिकले? यूट्यूबवर थोडं, पण खरं गणपतीच्या कारखान्यात. तिथल्या एका कारागीर काकांनी माझा साचा उचलून बघितला आणि म्हणाले, "पोरी, काथ्या कुठाय?" प्लास्टरमध्ये नारळाचा काथ्या घातला की साचा तडकत नाही. आपल्याकडे काँक्रीटमध्ये सळई घालतात ना, तसंच. साच्यातून मूर्ती कशी सुटते, कुठे अडकते, हे त्यांना न मोजता कळतं. 'अंडरकट' हा शब्द त्यांनी ऐकलेला नाही, पण माझ्या नाकाखाली बोट ठेवून "हितं फसणार" म्हणाले, आणि फसलं. त्यामुळे कोणी मला विचारलं कुठला क्लास लावू, तर मी आधी मूर्तिकाराकडे जा म्हणते. पेणला जायला मिळालं तर फारच छान. हाताला माती माहीत नसेल तर महागडं किट घेऊन काहीही उपयोग नाही.

पोकळीत काय ओतायचं?

१९३९ च्या 'विझार्ड ऑफ ऑझ'पासून हॉलिवूडने फोम लॅटेक्स वापरायला सुरुवात केली. रबराचा चीक केकच्या पिठासारखा फेटायचा, साच्यात भरायचा आणि ओव्हनमध्ये काही तास भाजायचा. हलकं असतं, घाम आला तरी टिकतं. त्याच सिनेमात पत्र्याचा माणूस होणाऱ्या बडी एब्सनच्या तोंडाला ॲल्युमिनियमची भुकटी लावली आणि ती श्वासातून आत गेल्याने तो दवाखान्यात पोचला. त्याच्या जागी दुसरा नट आला आणि भुकटीऐवजी लेप वापरला गेला. म्हणून चेहऱ्याला लावायची प्रत्येक वस्तू आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट बघायची. काहींना रबराच्या चिकाची ॲलर्जी असते. फेव्हिक्विक, फेव्हिकॉल वगैरे जुगाड चेहऱ्यावर नाही म्हणजे नाही! त्यासाठी स्पिरिट गम किंवा त्वचेचा वेगळा डिंक मिळतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे जिलेटिन. त्यात ग्लिसरीन घालून गरम करायचं, ओतायचं, झालं. माझी पहिली जखम जिलेटिनचीच. पण जिलेटिन उष्णतेने वितळतं, आणि हे शिकायला येरमाळ्याइतकी चांगली प्रयोगशाळा नाही. एप्रिलमध्ये भावाच्या कपाळावर मोठं टेंगूळ लावलं. अंगणातून चौकापर्यंत जाईस्तोवर ते भुवईवर आलं, परत येईस्तोवर गालावर!

आता बहुतेक काम सिलिकॉनमध्ये होतं. प्रकाश थोडा आत शिरतो, त्यामुळे खऱ्या कातडीसारखं दिसतं आणि दाबलं की हलतं. दोन द्रव सम प्रमाणात मिसळले की घट्ट होतं, पण त्यातला प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट भलताच नाजूक. गंधकाचा नुसता स्पर्श झाला तरी बंद पडतो. फर्स्ट इयरला 'कॅटॅलिस्ट पॉयझनिंग' दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. ते खरं कळलं, जेव्हा मी रबरी हातमोजे घालून सिलिकॉन कालवलं आणि तीन दिवस ते चिकटच राहिलं. मोज्यांच्या रबरात गंधक असतं. काही प्लॅस्टिसिनमध्येही असतं. ते सिलिकॉन खाऊच्या पैशातून आणलं होतं, म्हणून जास्त दुःख.

रंगाबद्दल एकच तक्रार. बाहेरून येणाऱ्या किटमध्ये 'स्किन' म्हणून जो रंग असतो तो गुलाबी! आपल्याकडे कुणाची कातडी तशी आहे? आपल्या कातडीत पिवळा, हिरवट, तांबूस असे थर असतात, ओठांभोवती वेगळा, कोपरावर वेगळा. रंग एकदम फासायचा नाही, ब्रशने बारीक ठिपके उडवत थरावर थर द्यायचे.

आणि काकू

गेल्या वर्षी आमच्या गॅदरिंगच्या नाटकात आगीचा प्रसंग होता. मी मैत्रिणीचा अर्धा चेहरा भाजलेला केला. लालभडक, फोड आलेले, ओठ ओढलेला. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, मी हवेत! दिवाळीला गावी गेले आणि ओसरीवर बसून सगळ्यांना मोबाईलवर फोटो दाखवत होते. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या.

काकूंचं सांगायचं राहिलं. माझ्या जन्माच्या आधी स्टोव्हचा भडका होऊन त्यांचा उजवा गाल, मान आणि कान भाजला. कान जवळजवळ नाहीच. मी त्यांना लहानपणापासून बघतेय. कायम उजव्या बाजूने पदर. खरं सांगते, फोटो दाखवताना मला ते आठवलंच नाही. आजीने माझ्या पाठीत हलकेच चिमटा काढला तेव्हा आठवलं. मी मोबाईल खाली ठेवायला गेले, तर काकू म्हणाल्या, "दाव की, बघू दे."

बघितलं. बराच वेळ बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. मग म्हणाल्या, "नाटकात ही बाई जळून किती दिस झालेत?"

मी म्हटलं, "दहा वर्षं."

"मग चुकलंय. एवढं लाल ऱ्हात नसतंय. पांढरं पडतंय, चकाकतंय. आन् मान अशी सरळ कशी काय? कातडं ओढून धरतंय, बाई. मला वर बघायचं म्हणलं तर सगळं अंग वळवावं लागतंय." आणि त्यांनी पदर खाली घेऊन दाखवलं.

वर्षभर मी इंटरनेटवर भाजलेल्या माणसांचे फोटो जमवत होते, आणि शेजारच्या घरात जायचं सुचलं नव्हतं! 'छपाक' (२०२०) मध्ये दीपिका पदुकोणचा चेहरा हल्ल्यानंतर टप्प्याटप्प्याने बदलत जातो, तो मी चारदा बघितला होता. टप्पे दिसले होते. ते टप्पे कुणीतरी जगतं, हे डोक्यात शिरलं नव्हतं.

निघताना काकूंनी हळूच विचारलं, "असलं रबराचं मला काय करता येईल का गं? निदान कान?"

मला वाटलं, येईल की! माप घ्यायचं, डाव्या कानाचा उलटा कान घडवायचा, सिलिकॉन ओतायचं. दोन दिवस मी त्याच उत्साहात होते. मग जरा वाचलं आणि थांबले. सिनेमातला कान बारा तास टिकला तरी पुरे. हा रोज लावायचा, भाजलेल्या नाजूक कातडीवर. चुकलं तर तिथे जखम होणार, आणि ती खोटी नसणार.

वाचताना एक सापडलं ते सांगते. पहिल्या महायुद्धात गोळ्यांनी चेहरे गेलेल्या सैनिकांसाठी ॲना कोलमन लॅड या अमेरिकन शिल्पकार बाईंनी पॅरिसला स्टुडिओ काढला होता. त्या चेहऱ्याचा प्लास्टर ठसा घ्यायच्या, जुन्या फोटोवरून नाक-गाल घडवायच्या आणि त्यावर विजेने तांब्याचा पातळ पत्रा चढवायच्या. आपलं इलेक्ट्रोप्लेटिंग! मग सैनिकाला समोर बसवून, मुखवटा चेहऱ्यावर असतानाच रंग द्यायच्या. बरेच मुखवटे चष्म्याच्या काड्यांवर टेकवलेले असायचे. म्हणजे पायऱ्या त्याच, ज्या मी वर लिहिल्या.

आज हे काम दंत महाविद्यालयांत, कवळ्या बनवणाऱ्या प्रोस्थोडॉन्टिक्स विभागात होतं. दातांच्या डॉक्टरांकडे कान! काकांना पटवायला महिना गेला. शेवटी मीच काकूंना एसटीने घेऊन गेले. डॉक्टरांनी आल्जिनेट कालवलं तेव्हा मला तो वास ओळखीचा वाटला. ठसा घेईपर्यंत काकूंनी माझा हात धरून ठेवला होता, तोच डाग असलेला मनगटाचा हात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गालाचं आणि मानेचं यात काही होणार नाही, ते सर्जनचं काम. कान रात्री काढून ठेवायचा, धुवायचा, आणि साधारण एक-दोन वर्षांत उन्हाने रंग उतरला की नवीन करावा लागेल. काकू सगळ्याला "बरं" म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला मेणाचा कान लावून बघायचा होता. डॉक्टर दोन्ही बाजू आरशात दाखवत विचारत होत्या, उंची ठीक वाटते का, मागे जास्त झालाय का. मी तर सगळी मापं बघत होते, कडा कुठे मिळते, सावली कशी पडते. काकू मात्र पाळीकडे बघत होत्या.

"डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या, "हितं भोक ठेवा बरं का. एक फूल पेटीत पडून हाय."